शिकारीसाठी पहिले धनुष्य घेताना

गावी फोन केला की खुशाली विचारून झाल्यावर हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "तिकडे तुम्ही हरणाची शिकार करता म्हणे, आणि तीही बाणाने?" विचारणाऱ्यांत मामू असतात, चाची असतात, आणि ज्यांची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत आली आहेत असे शेजारीही असतात. त्यांतल्या काहींचा प्रश्न अगदी नेमका असतो. आमचा मुलगाही धनुष्य घ्यायचे म्हणतो, चारशे डॉलरमध्ये बरे मिळेल की पैसे पाण्यात जातील? आम्ही दोन भावांची कुटुंबे मिशिगन राज्यात शेजारी-शेजारी राहतो. एकाच धनुष्यावर दोन्ही घरांचा शौक सुरू झाला. फोनवर हे सगळे सांगणे जमत नाही, म्हणून लिहायला घेतले.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. हे सर्व अमेरिकेपुरते आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हरीण, सांबर तर सोडाच, ससा मारणेही गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवास होऊ शकतो. तिथे धनुष्य हातात घ्यायचे ते लक्ष्यावर नेम धरण्यासाठी. त्यात आपले महाराष्ट्र मुळीच मागे नाही. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनीही याच कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. तुमच्या घरातल्या मुलाला आवड असेल तर ती वाट मोकळी आहे.

मिशिगनमधली परिस्थिती निराळी आहे. इथे पांढऱ्या शेपटीची हरणे 20 लाखांच्या आसपास आहेत आणि त्यांना खाणारी जनावरे फारशी उरलेली नाहीत. दर वर्षी 50 हजारांहून अधिक मोटारी हरणांना धडकतात. रात्री हायवेवर मुले गाडी घेऊन निघाली की घरातल्या आयांचा जीव टांगणीला लागतो तो त्यामुळेच. म्हणून सरकार स्वतः परवाने देऊन ठरावीक संख्येत शिकार करवते. बाणाच्या शिकारीचा हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो आणि 14 नोव्हेंबरपर्यंत चालतो. 15 ते 30 नोव्हेंबर बंदुकीवाल्यांचे, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा बाण. 1960 पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला पहिल्या परवान्याआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. आम्ही परवाना काढला तेव्हा मूळ परवान्याचे 11 आणि हरणाच्या परवान्याचे 20 डॉलर पडले.

बंदूक सोडून बाण का, याला दोन कारणे होती. एक, घरात बंदूक येणार नाही हा आमच्या घरातल्या बायकांचा निर्णय होता आणि त्यावर चर्चा झाली नाही. दुसरे कारण दीनचे. बंदुकीच्या गोळीने मेलेल्या जनावराबाबत आलिमांमध्ये मतभेद आहेत, कारण गोळी कापते की आघाताने मारते हा प्रश्न उरतो. धारदार बाणाबाबत तसा वाद नाही. बिस्मिल्लाह म्हणून सोडलेला बाण टोकाने आत शिरला तर ती शिकार खावी, आणि आडवा लागून माराने जनावर मेले तर खाऊ नये, अशा आशयाची हजरत अदी बिन हातिम यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ही गोष्ट इथेच सांगण्याचे कारण असे, की धनुष्य निवडताना आमचा सगळा हिशोब याच एका मुद्द्याभोवती फिरला. बाण किती वेगाने जातो याला आम्ही महत्त्व दिले नाही. तो नेमक्या जागी, धारेने, आरपार जातो का एवढेच पाहिले. जखमी होऊन जंगलात पळालेले आणि दोन दिवस तडफडून मेलेले जनावर ना आपल्या ताटात येते, ना त्याचा जाब टळतो.

आता धनुष्याकडे वळू. कंपाउंड धनुष्य म्हणजे दोन्ही टोकांना लंबगोल चाके असलेले धनुष्य. या चाकांना कॅम म्हणतात. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अॅलन या माणसाने 1966 मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 मध्ये ते त्याला मिळाले. साधे धनुष्य जितके ताणावे तितके जड होत जाते. कंपाउंड मध्यावर सर्वांत जड लागते, आणि पूर्ण ताणले की कॅम फिरून ओझे एकदम हलके होते. 50 पौंडांचे धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातावर 10 ते 15 पौंडच उरतात. हरीण झाडामागून बाहेर येईपर्यंत मिनिटभर ताणून उभे राहता येते, नेम हलत नाही. नवशिक्याला एका उन्हाळ्याच्या सरावात हे जमते. साध्या धनुष्याला वर्षे लागतात.

मापाआधी किंमत पाहू नका

दुकानात गेल्यावर भिंतीवर हजार-बाराशे डॉलरची चकचकीत धनुष्ये टांगलेली दिसतात. त्या किमतीत नेम धरायची पट्टीसुद्धा येत नाही, नुसते धनुष्य मिळते. तिकडे पाहू नका. आधी तीन गोष्टी ठरवा, आणि त्या ठरवायला एक पैसाही लागत नाही.

पहिली, तुमचा प्रमुख डोळा कोणता. दोन्ही हात पुढे करून बोटांच्या मध्ये छोटी खिडकी करा, तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू खिडकीतच दिसत राहते तो प्रमुख. बहुतेकांचा हात आणि डोळा एकाच बाजूचे असतात. नसतील तर धनुष्य डोळ्याप्रमाणे घेतलेले चांगले.

दुसरी, ताणाची लांबी, म्हणजे ड्रॉ लेंग्थ. कंपाउंडमध्ये हे माप ठरलेले असते, दोरी तेवढीच मागे येते आणि भिंतीला टेकल्यासारखी थांबते. म्हणून ते कपड्याच्या मापासारखे अंगाला बसायला हवे. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचांत मोजा आणि अडीचने भागा. आमच्या घरातल्या मोठ्या मुलाचे माप 69 इंच भरले, म्हणजे ड्रॉ लेंग्थ साडेसत्तावीसच्या आसपास. एका मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याने मात्र त्याच्या उंचीकडे एक नजर टाकली आणि 29 इंचांवर लावलेले धनुष्य त्याच्या हातात दिले. पोरगा ताणून मागे झुकला, कोपर ताठ झाला, दोरी दंडावर घासली. विक्रेता म्हणाला, सवय होईल. अशा ठिकाणाहून सरळ बाहेर पडावे. लांब मापाची सवय होत नाही, चुकीची सवय तेवढी लागते. नंतर आम्ही केवळ धनुष्यांचेच काम करणाऱ्या एका छोट्या दुकानात गेलो. तिथे म्हाताऱ्या दुकानदाराने पाऊण तास मापे घेतली आणि त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि तरुण मुले इथेच हट्टाला पेटतात.

"चाचा, सत्तर पौंडांचे घेऊ या ना. व्हिडिओत सगळे तेच वापरतात."

"घेऊ, बेटा. आधी खुर्चीवर बस, दोन्ही पाय जमिनीवरून उचल, आणि धनुष्य आकाशाकडे न नेता सरळ समोर ताणून दाखव."

साठावरही ते जमले नाही. पन्नासवर आरामात जमले. हीच खरी कसोटी, कारण शिकारीत तुम्ही दोन तास थंडीत अंग आखडून बसलेले असता, अंगावर जाड कोट असतो आणि 20 गजांवर हरीण कान टवकारून उभे असते. त्या वेळी धनुष्य वर-खाली झाले की ते उड्या मारत पसार होते. हरणासाठी 45 ते 50 पौंड पुरेसे आहेत, अट एवढीच की बाण जड आणि टोक धारदार हवे. काही राज्यांत किमान वजनाचा नियम आहे, त्यामुळे आपल्या राज्याची नियमपुस्तिका पाहून घ्यावी. आमच्या घरात दोघी जणी 40 पौंडांवर सराव करतात आणि 20 गजांवर त्यांचे बाण मुलांच्या बाणांपेक्षा जवळ-जवळ बसतात.

ही तीन मापे कागदावर लिहून घेतली की स्वस्त धनुष्य शोधणे सोपे होते. नवशिक्यांसाठी कंपन्या तयार संच विकतात. त्यात धनुष्याबरोबर नेमाची पट्टी, बाण टेकवायची जागा, दोरीत बसवलेले छोटे छिद्र आणि बाणांचा भाता येतो. बेअर कंपनीचे क्रूझर जी-टू हे या वर्गातले नावाजलेले. त्याचा ताण 5 ते 70 पौंड आणि लांबी 12 ते 30 इंच यांमध्ये कुठेही लावता येते. डायमंडच्या इन्फिनिट एज प्रो मध्येही असेच, 5 ते 70 पौंड आणि 13 ते 31 इंच. दोन्हींचा संच आमच्या भागात साडेतीनशे ते साडेचारशे डॉलरमध्ये मिळत होता. बारा वर्षांच्या मुलीपासून तिच्या अब्बांपर्यंत कुणालाही लावून देता येईल असे हे धनुष्य आहे, आणि एकत्र कुटुंबाला याहून सोयीचे काही नाही. मात्र माणूस बदलला की माप बदलायचे आणि नेम पुन्हा जुळवायचा, याला वेळ लागतो. आम्ही उन्हाळ्यात ते सगळ्यांनी वापरतो, आणि सप्टेंबरपासून ज्याच्या नावाने परवाना आहे त्याच्या मापावर ठेवतो, मग कुणी हात लावायचा नाही.

डब्यावर सेकंदाला 310 किंवा 315 फूट असा वेग छापलेला असतो. त्यावरून तुलना करत बसू नका. तो आकडा 70 पौंड, 30 इंच आणि अगदी हलका बाण घेऊन काढलेला असतो. पन्नास पौंडांवर, साडेसत्तावीस इंचांवर आणि जड बाणाने तो कितीतरी खाली येतो, आणि तरीही 20 गजांवर काही फरक पडत नाही.

जुने धनुष्य घ्यावे का? घ्यावे, पण पाहून. कापसाचा बोळा दोन्ही पात्यांवरून हलकेच फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे बारीक चीर आहे, ते धनुष्य नको. दोरी पिंजलेली असेल तर नवी बसवायला शंभर डॉलरच्या आसपास धरावे लागतात, ते किमतीतून वजा करायला सांगा. मुख्य म्हणजे ताणाची लांबी तुमच्या मापाची आहे का किंवा करता येईल का हे विचारा. पुष्कळ जुन्या धनुष्यांत त्यासाठी कॅमचा सुटा भागच बदलावा लागतो आणि तो आता मिळत नसतो. आणि समोरच्याला विचारा, हे कधी बाण न लावता सोडले गेले होते का. रिकामे सोडले की बाणात जायची सगळी शक्ती धनुष्यातच उलटते. त्याने पाती फुटतात, दोरी तुटते, सोडणाऱ्याच्या डोळ्याला इजा होऊ शकते. घरी पाहुण्यांची मुले आली की सर्वांत आधी त्यांना हेच करून पाहायचे असते. आमचे धनुष्य म्हणूनच कुलपात असते.

वाचलेला पैसा बाणात घाला

धनुष्यात शे-दोनशे वाचले तर ते बाणांत, टोकांत आणि सरावाच्या गादीत घालावेत असे आमचे ठाम मत आहे. कार्बनचा बाण धनुष्याच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त ताठ असावा लागतो. त्यावर 400, 500 असे आकडे असतात आणि आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. तुमची मापे सांगितली की दुकानदार तक्ता पाहून देतो. शिकारीच्या टोकासकट पूर्ण बाण 400 ग्रेन, म्हणजे सुमारे 26 ग्रॅम, भरावा. हलका बाण झपकन जातो पण हाडाशी अडतो, जड बाण आत शिरत राहतो. प्रत्येक वेळी सोडण्याआधी बाण दोन्ही हातांनी किंचित वाकवून कान लावा. कडकड आवाज आला तर मोडून फेकून द्या. चीर गेलेला कार्बनचा बाण सुटताना फुटला तर तो हातात घुसतो.

टोके दोन तऱ्हांची असतात. एकाची पाती घट्ट बसवलेली, दुसऱ्याची पाती जनावराला लागल्यावर उघडणारी. उघडणारी टोके दिसायला देखणी, पण ती उघडण्यात बाणाची थोडी शक्ती जाते. 45-50 पौंडांच्या धनुष्याला ती चैन परवडत नाही. आम्ही घट्ट पात्यांचीच, 100 ग्रेनची टोके वापरतो. मिशिगनच्या नियमाप्रमाणे टोक किमान सात-अष्टमांश इंच रुंद आणि बाण किमान 14 इंच लांब असावा लागतो. धार पाहायची ती ताणलेल्या रबरावर. नुसते टेकवल्यावर रबर तुटले पाहिजे. एक टोक सरावासाठी वेगळे ठेवावे, कारण सरावाच्या गोल टोकाने जिथे नेम लागतो तिथेच धारदार टोकाने लागेल असे नाही.

दीनच्या बाजूने पाहिले तरी हेच. बोथट टोकाने, आघाताने मेलेले जनावर आपल्याला चालत नाही, त्यामुळे धारेवरचा खर्च हा आपल्यासाठी शौक नव्हे. बिस्मिल्लाह बाण सोडताना म्हणायचे असते. हनफी मताप्रमाणे जाणूनबुजून सोडले तर शिकार हलाल राहत नाही. आम्ही कोकणातले शाफई, आमच्याकडे ते सुन्नत मानतात, तरी म्हणण्यात कुचराई नको. शिकारीपाशी पोहोचल्यावर तिच्यात जीव असेल तर लगेच जबह करावे लागते, म्हणून धारदार सुरी कमरेला असलीच पाहिजे. जनावर पाण्यात मेलेले सापडले तर खाऊ नये, कारण ते बाणाने मेले की बुडून ते कळत नाही. उशिरा सापडलेल्या शिकारीबाबत बारकावे बरेच आहेत, ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत आणि हंगामाआधीच विचारावेत. जंगलात कंदील घेऊन उभे असताना फोन लावण्याची ती वेळ नव्हे.

आमचा पहिल्या वर्षाचा खर्च असा झाला. धनुष्याचा संच 400 डॉलर, सहा बाण 60, तीन टोके 35, दोरी सोडायचा मनगटी खटका 45, सरावाची गादी 80. बेरीज 620, कर धरून 657. परवाना वेगळा. रंगीबेरंगी झाडपाल्याचे कपडे आम्ही घेतले नाहीत. बाणाच्या हंगामात जुनी, मळखाऊ रंगाची जॅकेटे पुरली. झाडावर चढून बसायच्या मचाणीही घेतल्या नाहीत, कारण इथे शिकारीतले पुष्कळ अपघात मचाणीवरून पडूनच होतात. ज्यांना चढायचेच असेल त्यांनी पट्टा बांधल्याशिवाय चढू नये. जमिनीवर फांद्यांच्या आडोशालाही हरीण येते.

सराव एप्रिलपासून सुरू करावा. दिवसाला पन्नास बाण मारून हात थकवण्यापेक्षा दहा बाण नीट मारलेले बरे. आमच्या घरात नियम असा आहे, की दिवसाचा पहिला बाण मोजायचा. शिकारीत गरम होण्यासाठी दहा बाण मिळत नाहीत, एकच मिळतो. ज्या अंतरावर आठवडाभर रोजचा पहिला बाण जेवणाच्या छोट्या ताटलीत बसतो, तेवढे तुमचे अंतर. आमचे 20 गज आहे. 30 गजांवर कितीही मोठे हरीण उभे असले तरी आम्ही धनुष्य उचलत नाही, आणि त्यामुळे पहिला संपूर्ण हंगाम आम्ही रिकाम्या हाताने परतलो. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलाने 17 गजांवर एक मादी घेतली. बाण फुप्फुसांतून आरपार गेला होता. तरी अर्धा तास जागचे हललो नाही, कारण लगेच मागे धावले की जखमी जनावर मैलभर पळते. ती साठ पावलांवर पडलेली होती.

गोश्त 40 पौंडांच्या आसपास निघाले. ते आम्ही गॅरेजमध्ये स्वतःच कापले, आणि हे मुद्दाम सांगतो. इथे हरीण कापून देणारी दुकाने असतात, पण त्यांतली बरीच त्याच पाट्यांवर, त्याच यंत्रांत डुकराचे मांसही कापतात आणि हरणाच्या सॉसेजमध्ये डुकराची चरबी घालतात. विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. शिकारीची नोंद 72 तासांच्या आत सरकारच्या संकेतस्थळावर करावी लागते. 2015 पासून मिशिगनच्या रानटी हरणांत झिजण्याचा एक रोग आढळला आहे, त्यामुळे ज्या जिल्ह्यांत तो आहे तिथले डोके तपासणीसाठी द्यावे आणि निकाल येईपर्यंत गोश्त फ्रीजरमध्येच ठेवावे. वन्य जनावराचे गोश्त विकता येत नाही, वाटता येते. आम्ही दोन घरांत आणि मशिदीतल्या चार कुटुंबांत वाटले. हरणाला चरबी नसते, त्यामुळे कबाबापेक्षा मंद आचेवरचा खिमा किंवा दालचा चांगला होतो. आदल्या रात्री दही-पपईत मुरवून ठेवले तर रेषा मऊ पडतात.

हंगाम संपला की दोरीला मेण लावून धनुष्य घरातच, कोरड्या जागी टांगावे. गाडीच्या डिकीत ठेवू नये. उन्हाळ्यात बंद गाडी इतकी तापते की दोरी लांबते आणि पात्यांचे थर सुटू लागतात. दोरी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी, आणि ते काम घरी करू नये. त्यासाठी धनुष्य दाबून धरणारे यंत्र लागते, ते दुकानातच असते.